नवजात बाळाच्या कानाची तपासणी: 'रेफर' आलं तर पुढे काय? (इंदूर)

होळकरी

नमस्कार मंडळी. माझ्या भावाला नुकतीच मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी बाळाच्या कानांची तपासणी झाली, त्याचा कागद माझ्या समोर आहे. उजव्या कानापुढे 'पास' आणि डाव्या कानापुढे 'रेफर' असं लिहिलंय. सिस्टर म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवून घ्या," बस. कधी, कुठे, कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही, आणि वहिनी तेव्हा काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हती.

घरात आता दोन तट पडलेत. आई म्हणते, सव्वा महिना होईपर्यंत बाळाला बाहेर काढायचं नाही, मग बघू. बाबांचं म्हणणं, एक कान पास आहे ना, मग कशाला एवढ्याशा जिवाला हिंडवायचं. वहिनी मात्र बाळ जागं असलं की त्याच्या डाव्या कानाशी टाळ्या वाजवत बसते. मला ते बघवत नाही.

इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत, आणि ज्यांच्या घरात हे घडलंय तेही असतील. कृपया मोकळेपणाने लिहा.

ध्वनिलहरी

होळकरी ताई, मी इंदुरातच ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. सगळ्यात आधी वहिनींना सांगा की 'रेफर' म्हणजे 'ऐकू येत नाही' नव्हे. 'या वेळी यंत्राला खात्रीलायक उत्तर मिळालं नाही, पुन्हा बघा', एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या कागदावर वर कुठेतरी 'ओएई' लिहिलेलं असेल. ही तपासणी अशी होते: मऊ रबरी टोपी लावलेला एक छोटा प्रोब बाळाच्या कानात बसवतात. त्यातून बारीक टिकटिक आवाज आत जातात. आतल्या कानात, शंखासारख्या कॉक्लियामध्ये, बाहेरच्या ओळीतल्या ज्या केसपेशी असतात त्या आवाजाने हलतात, आणि त्यांच्या हालचालीतून एक अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर येतो. प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली हा उलटा येणारा आवाज नोंदवून दाखवला, तेव्हापासून ही तपासणी शक्य झाली. बाळाला काही टोचत नाही, दुखत नाही. शांत झोपलेलं असेल तर काही मिनिटांत काम होतं.

आता अडचण बघा. क्षीण आवाज बाहेर यायचा तर वाट मोकळी हवी. जन्मानंतर पहिले एक-दोन दिवस बाळाच्या कानात गर्भातला चिकट पांढरा थर किंवा पाणी राहिलेलं असू शकतं. बाळ रडत असेल, दूध चोखत असेल, वॉर्डात पंखा घरघरत असेल, शेजारच्या खाटेवर नातलगांचा गलका असेल, तरी यंत्र 'रेफर' म्हणतं. म्हणून पहिल्या दिवशी केलेल्या तपासणीत रेफर जास्त येतात. बहुतेक बाळं दुसऱ्या तपासणीत पास होतात.

पण याच वाक्याची मला भीती वाटते. 'बहुतेक पास होतात' हे ऐकलं की घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या तपासणीला येतच नाहीत. मग ज्या थोड्या बाळांना खरोखर कमी ऐकू येतं, ती त्या गर्दीत हरवतात आणि दोन-अडीच वर्षांनी 'अजून बोलत नाही' म्हणून येतात. पहिली तपासणी करून कागद फाइलला लावला आणि पुढे गेलोच नाही, तर ती तपासणी झाली काय नि न झाली काय.

जगभर याचा एक ठोकताळा आहे, १-३-६. एक महिन्याच्या आत तपासणी (रेफर आल्यास दुसरीसुद्धा), तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. म्हणजे सव्वा महिना थांबलात तर पहिली पायरी चुकलीच. जायला हरकत असेल तर बाळाला गुंडाळून, गर्दी टाळून, सकाळची पहिली वेळ घेऊन जा. तेही अगदी नाहीच जमलं तर दीड महिन्याच्या लसीला बाळ बाहेर पडणारच आहे, त्याच दिवशी करून घ्या. त्यापलीकडे ढकलू नका.

एक कान पास आहे म्हणून सोडायचं नाही. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाला आवाज कुठून आला ते कळत नाही, गोंगाटाच्या वर्गात शब्द निसटतात. शिवाय काही मुलांत पुढे दुसऱ्या कानावरही परिणाम होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

आणि जाताना एक करा. बाळाला घरी मालिश-अंघोळ घालून न्या, पण दूध घरी पाजू नका. तिथे पोचल्यावर पाजा. पोट भरलं की ते तिथेच झोपेल आणि तपासणी एका खेपेत होईल.

सुदामानगरचे आजोबा

ध्वनिलहरी ताईंनी छान समजावलं. तरी मनातलं विचारतो, राग मानू नका. आमच्या घरात चार पिढ्या पितळी थाळी वाजवून बाळाचा कान बघितला. दचकलं की ठीक. माझा थोरला मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आज कॉलेजात शिकवतो. ज्या घरात आधीपासून कोणी बहिरं आहे किंवा बाळ कमी दिवसांचं आहे तिथे यंत्र लावा, जरूर लावा. पण सरसकट प्रत्येक बाळाला? या मुलीच्या वहिनीकडेच बघा. बिचारीची झोप उडाली. हा त्रास कोणाच्या हिशेबात धरायचा?

ध्वनिलहरी

आजोबा, राग कसला. प्रश्न रास्त आहे.

थाळीचा आवाज फार मोठा असतो. आपण घरात बोलतो ते साधारण ५०-६० डेसिबलच्या आसपास, आणि त्यातले स, श, क, प असे वर्ण त्याहून हळू. समजा एखाद्या बाळाला ५० डेसिबलच्या खालचं काहीच ऐकू येत नाही. ते थाळीला हमखास दचकणार. दार आपटलं की दचकणार. फटाक्याला रडणार. पण आई त्याच्याशी बोलते तेव्हा त्याला तुटक, अर्धवट काहीतरी पोचणार. या अर्धवट ऐकण्यावर भाषा उभी राहत नाही. दुसरं म्हणजे थाळी वाजवणारा माणूस बाळाला दिसतो, हात हलतो, हवेचा झोत लागतो, पाळणा हादरतो. अजिबात न ऐकणारं बाळही त्याला मान वळवतं, आणि घरचे खूष होतात.

फक्त धोक्याच्या बाळांची तपासणी करून जगाने बघितलं. त्यात जवळपास निम्मी बाळं सुटली, कारण त्यांच्या बाबतीत धोक्याचं काही कारण आधी दिसतच नव्हतं. न ऐकणाऱ्या दहापैकी नऊहून जास्त मुलांचे आईवडील चांगले ऐकणारे असतात. म्हणून अमेरिकेत १९९३ साली तज्ज्ञांच्या राष्ट्रीय बैठकीने सगळ्याच नवजात बाळांची तपासणी करावी असं सांगितलं. जन्मतः दोन्ही कानांनी कमी ऐकणारी मुलं हजारात एक ते तीन असतात, अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत त्याहून बरीच जास्त. इंदुरात रोज किती बाळं जन्मतात ते डोळ्यांसमोर आणा.

आणि उशीर का नको, त्याचं उत्तर कोलोरॅडोतल्या ख्रिस्टीन योशिनागा-इटानो यांच्या १९९८ च्या कामात आहे. सहा महिन्यांच्या आत कळलेली आणि लगेच उपाय सुरू झालेली मुलं भाषेत पुढे गेली. सहा महिन्यांनंतर कळलेली मागे पडली. दोन्ही गटांत ऐकण्याचा दोष सारखाच असला तरी.

वहिनींच्या त्रासाबद्दल तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. कागदावर एक शब्द लिहून बाईला घरी पाठवणं चूक आहे. दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं, तारीख लिहून द्यायला हवी होती. त्रास तपासणीने नाही दिला, न सांगण्याने दिला.

सुदामानगरचे आजोबा

निम्मी सुटतात हे मला ठाऊक नव्हतं. मग सरसकटच हवी. पण सांगण्याची जबाबदारीही तितकीच पक्की हवी, हे माझं म्हणणं कायम.

रेवा

हा धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी आता शाळेत जाते. ती सातव्या महिन्यात झाली, कावीळ खूप वाढली होती, रक्त बदलावं लागलं. बरेच दिवस ती मशीनमध्येच होती. सुट्टीच्या दिवशी तिची ओएई झाली आणि दोन्ही कान 'पास' आले. आम्ही पेढे वाटले.

पण ती हाकेला कधी बघायची, कधी नाही. एखाद्या दिवशी चमचा पडला तरी वळायची, दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीलाही नाही. त्या दवाखान्यात विचारायला गेले तर "पास आहे ना, मग? आई फार काळजी करते" असं म्हणून परत पाठवलं. दोनदा. शेवटी माझ्या नणंदेच्या ओळखीतून दुसरीकडे गेलो, तिथे बेरा केली, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी तपासणी.

ती खोली अजून आठवते. जाड दार, भिंतींना मऊ आवरण, आत एसीचा आवाजसुद्धा नाही. तिच्या कपाळावर आणि दोन्ही कानांमागे आधी खरखरीत पेस्ट चोळून पुसली, मग तारा चिकटवल्या. ती माझ्या मांडीवर झोपलेली. स्क्रीनवर रेषा उमटत होत्या. नॉर्मल बाळाच्या रेषेत ठरावीक जागी उंचवटे येतात असं त्यांनी आधी दाखवलं होतं. हिच्या रेषेत ते उंचवटे नव्हतेच. आवाज वाढवत नेला तरी नव्हते. आणि लगेच पुन्हा ओएई केली तर ती पास!

तेव्हा कळलं की हिचा कान आवाज घेतो, पण कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तो विस्कटतो. ऑडिटरी न्यूरोपॅथी. ओएईला हे दिसतच नाही, कारण ती फक्त केसपेशींपर्यंत बघते.

म्हणून हात जोडून सांगते, ज्यांचं बाळ काचेत राहिलं असेल, ज्याची कावीळ जास्त असेल, त्यांनी नुसत्या ओएईच्या पासवर घरी येऊ नका. बेरा मागा. आणि आईला काही खटकत असेल तर तिला गप्प करू नका.

बालवैद्य

रेवा ताईंनी लिहिलेलं प्रत्येक नव्या आईबापांनी वाचावं. नियमही तोच सांगतो: नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची तपासणी एएबीआरने, म्हणजे यंत्र स्वतःच पास-रेफर सांगतं अशा बेराच्या छोट्या रूपाने, व्हायला हवी. रक्त बदलण्याइतकी कावीळ झाली असेल तर राहण्याचे दिवस मोजायचेच नाहीत, करायचीच.

माझ्याकडून आणखी काही गोष्टी, सुचतील तशा.

कानात तेल. आपल्याकडे मालिशवाली बाई अंघोळीआधी टाळू भरते आणि त्याच हाताने कानात दोन थेंब सोडते. हे बंद करा. तेलाने कानातली वाट चिकट होते, मळ अडकतो, बुरशी धरते, आणि तपासणीत उगाच रेफर येतं. कान बाहेरून मऊ फडक्याने पुसायचा, आत काही घालायचं नाही, काडी तर नाहीच. बारशाला कान टोचायला काही हरकत नाही, त्याचा ऐकण्याशी संबंध नाही.

नात्यातलं लग्न. मामेबहीण-आतेभाऊ लग्न आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. जन्मजात बहिरेपणात निम्म्याच्या आसपास कारण जनुकांत असतं, आणि त्यातला मोठा भाग असा की आईवडील दोघेही चांगले ऐकतात पण दोघांकडेही तोच एक दोष दडलेला असतो. त्यात कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाचं जनुक सगळ्यात जास्त सापडतं. अशा जोडप्याला प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता राहते. यात सुनेचा दोष, तिच्या माहेरचा दोष असं काही नसतं. दोन्ही बाजूंकडून आल्याशिवाय ते होत नाही. हे मी दवाखान्यात सासवांना मुद्दाम ऐकवतो.

गरोदरपणातला रुबेला बाळाचे कान, डोळे, हृदय तिन्ही बिघडवू शकतो. गोवर-रुबेलाची लस आता सरकारी वेळापत्रकात आहे, मुलींची चुकवू नका. सीएमव्ही नावाचा विषाणूही एक मोठं कारण आहे. त्यातली बरीच बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि ऐकणं नंतर कमी होत जातं.

मेंदूज्वर झालेल्या मुलाची तपासणी बरं वाटल्याबरोबर करा. महिनोन्महिने थांबलं तर कॉक्लियाच्या आत हाड भरायला लागतं आणि मग कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कॉक्लियात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवणंही अवघड होतं. यात खरंच घाई लागते.

उन्हाळी पाऊस

एक शंका. माझं घर राजवाड्याजवळ. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, ढोल, बँड. माझं दोन महिन्यांचं बाळ त्यात गाढ झोपलं होतं! जन्मतः पास आहे. तरी मन खात बसलंय.

बालवैद्य

झोपलेलं बाळ सतत चालणाऱ्या गोंगाटाला सरावतं, त्यावरून काही ठरत नाही. जागेपणी बघा. तीन-चार महिन्यांत रडताना तुमचा आवाज ऐकून थबकतं का. सहा महिन्यांच्या सुमाराला आवाजाच्या दिशेने मान वळवतं का. सहा-सात महिन्यांपासून बाबाबा, दादादा अशी बडबड सुरू होते का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. न ऐकणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, ओरडतं, त्यामुळे घरचे फसतात. त्यांची बडबड पुढे अक्षरांवर येत नाही. वर्षापर्यंत एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं. यातलं काही मागे पडलं तर जन्माच्या वेळचा पास विसरून पुन्हा तपासून घ्या. पास म्हणजे त्या दिवशी ठीक, एवढंच.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून महिने मोजा.

तुकोगंज

वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीला पाठवला आहे हा धागा.

एक गोष्ट मला जोडायची आहे. बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी. तपासणी इंदुरात झाली, फोन नंबर लिहिला जावयाचा, तो पुण्यात नोकरीला. दवाखान्याचा फोन आला तो त्याला मीटिंगमध्ये, त्याने नंतर करतो म्हटलं नि राहिलं. तिसऱ्या महिन्यात बहीण सासरी निघाली. कागद इथल्या कपाटात. तो तिथेच राहिला असता, पण आईने बाळाचं सामान बांधताना फाइल उघडली आणि तिला ते दिसलं. म्हणून नंबर देताना जिच्याजवळ बाळ आहे तिचा आणि आजीचा असे दोन द्या. आणि सासरी जाताना लसीचं कार्ड जसं पर्समध्ये ठेवतो, तसा हा कागदही त्यातच लावा.

ध्वनिलहरी

तुकोगंज, माझ्या रोजच्या अनुभवातलं लिहिलंत. बाळं सुटण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही, गाव बदलतं आणि साखळी तुटते. पुढच्या गावात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, कागद दाखवून थेट पुढची तपासणी मागायची.

होळकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आई सव्वा महिन्याचा हट्ट सोडायला तयार आहे. आता विचारते, दुसऱ्या वेळीही रेफरच आलं तर? आणि सरकारीत कुठे?

ध्वनिलहरी

दुसऱ्या वेळीही रेफर आलं तर पूर्ण बेरा. तीन-चार महिन्यांच्या आत केलीत तर बाळ दूध पिऊन नैसर्गिक झोपेत करू देतं. मोठं झालं की झोपेचं औषध द्यावं लागतं, हाही लवकर करण्याचा एक फायदा. सोबत कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का ते टिंपॅनोमेट्रीने बघतात. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी तिचा सूर वेगळा, १००० हर्ट्झचा लावायला हवा, नाहीतर पाणी असूनही निकाल नॉर्मल येऊ शकतो. निःसंकोच विचारा, "बाळाचा सूर लावलाय ना?"

सरकारीत एमवायचा, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा, नाक-कान-घसा विभाग आहे. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यात जन्मजात बहिरेपणा धरलेला आहे, आणि त्याच्याखाली जिल्ह्याचं डीईआयसी, म्हणजे लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं. आशा कार्यकर्तीला किंवा लसीच्या सिस्टरला 'आरबीएसकेमध्ये पाठवायचं आहे' असं सांगितलं तरी चक्र फिरतं. खाजगीत ओएई काहीशे रुपयांत होते.

तिलकनगर

आमचा प्रश्न पुढच्या टप्प्याचा. मुलाला दोन वर्षांचा असताना कॉक्लियर इम्प्लांट झालं, मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून. थेरपी चालू आहे. थेरपिस्ट हिंदी बोलतात, घरात आजी-आजोबांसकट सगळे मराठी. बिल्डिंगमध्ये हिंदी. थेरपिस्टने सुचवलं की घरात हिंदीच बोला, एकच भाषा ठेवा. सासूबाईंना हिंदी येतं, पण त्या हिंदीत गप्प होतात. 'खाना खा लो, पानी पी लो' याच्यापुढे जात नाही. मराठीत त्या नातवाशी तासभर बोलतात. काय करावं?

वाचाफुले

मी स्पीच थेरपीत आहे, मराठी आणि हिंदी दोन्हीत काम करते. ठाम मत देते: आजींना मराठीतच बोलू द्या.

थेरपीचा तास आठवड्यातून एक किंवा दोन. खरं शिकणं उरलेल्या सगळ्या जागेपणी घरात होतं. मुलाला लागतं ते भरपूर, नैसर्गिक, चढउतार असलेलं बोलणं. पोळ्या लाटताना, देवघरात, भाजी निवडताना जे सहज तोंडून येतं ते. ज्या भाषेत आजीला गोष्ट सांगता येते, रागावता येतं, लाड करता येतात, ती भाषा त्याला मिळाली पाहिजे. इम्प्लांट झालेली मुलं घरात दुसरी भाषा बोलली जाते म्हणून मागे पडतात असं संशोधनात दिसत नाही. घरात बोलणंच आटलं तर मात्र मागे पडतात. एक भाषा पक्की झाली की दुसरी तिच्यावर चढते, आणि इंदुरात हिंदी कोणाला चुकते?

थेरपिस्टशी भांडू नका. त्यांना सांगा, 'तुम्ही या आठवड्यात जे शब्द घेतले ते लिहून द्या, आम्ही तेच घरी मराठीत करू.' समजूतदार थेरपिस्ट आनंदाने देतात.

आणि रोज सकाळी मशीन लावल्यावर सहा आवाजांची तपासणी करा: आ, ऊ, ई, श, स, म. डॅनियल लिंग यांची ही पद्धत आहे. मुलाच्या मागे उभं राहा, तोंड दिसू देऊ नका, साध्या आवाजात एकेक म्हणा, क्रम बदला, मध्ये थांबा. ऐकलं की तो डब्यात एक ठोकळा टाकेल असं शिकवा. या सहांत बोलण्याचे खालपासून वरपर्यंतचे सूर येतात. काल 'स' ऐकत होता आणि आज नाही, तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, त्याच दिवशी कळतं. आजीसुद्धा हे करू शकतात.

बोलके हात

माझे आई आणि वडील दोघेही कर्णबधिर आहेत, मी ऐकतो. माझी पहिली भाषा हातांची. धाग्यावर सगळं मशीन आणि ऑपरेशनबद्दल चाललंय, म्हणून दोन शब्द.

लवकर कळलंच पाहिजे, यात मी तुमच्याबरोबर आहे. पण कळल्यानंतर 'खुणा करू नका, नाहीतर बोलणार नाही' असं सांगून मुलाचे हात धरणारे लोक मी बघितलेत. माझ्या वडिलांना शाळेत असं केलं गेलं. मशीन मिळेपर्यंतचे महिने, मशीन बंद असतानाची रात्र, अंघोळ, ज्या मुलांना मशीनचा फारसा उपयोग होत नाही ती मुलं, या सगळ्यांनी भाषेशिवाय राहायचं का? भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, २०२० च्या शिक्षण धोरणातही तिला जागा आहे. बहिरं मूल म्हणजे संकट असं ज्या घरात ठरतं, तिथे मूल ते आयुष्यभर अंगावर वागवतं.

वाचाफुले

तुमचं म्हणणं मी पूर्ण मानते. खुणा केल्याने मूल बोलत नाही ही भीती निराधार आहे. माझ्या हाताखालची काही मुलं दोन्ही वापरतात. मूल भाषेशिवाय एक महिनाही राहू नये, मग ती तोंडाची असो वा हातांची. फक्त आईवडिलांनी ती नीट शिकायला हवी, चार खुणांवर भागवू नये.

रेवा

बोलके हात, माझ्या मुलीला मशीनचा उपयोग अर्धवटच होतो. आम्ही दोघं सांकेतिक भाषेचा वर्ग करतोय. तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

ध्वनिलहरी

पैशांबद्दल व्यक्तिगत निरोप येताहेत, इथेच लिहिते. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना उपकरणांसाठी मदत देणारी) श्रवणयंत्र आणि इम्प्लांट दोन्ही येतात. इम्प्लांटच्या बाजूचं काम मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा ५ वर्षं. राज्याची बाल श्रवण योजना वेगळी, तिची चौकशी जिल्हा रुग्णालयात किंवा डीईआयसीत करा. बेराचा रिपोर्ट, जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, मध्य प्रदेशचा समग्र आयडी आणि दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आधीच गोळा करून ठेवा. वय कागदपत्रांसाठी थांबत नाही. इम्प्लांटच्या आधी काही महिने श्रवणयंत्र लावून बघावं लागतं, तेही यात धरा.

निमाडकर

खरगोनहून लिहितोय. पुतण्या आठ महिन्यांचा, दोन्ही कानांना यंत्रं लागलीत. पण सतत शिट्टी वाजते आणि तो ओढून काढून तोंडात घालतो. वहिनी कंटाळून दिवसातून तासभरच लावते. इंदूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

ध्वनिलहरी

शिट्टी म्हणजे कानातला साचा सैल झालाय. या वयात कान झपाट्याने वाढतो, साचा दर काही महिन्यांनी नवा लागतोच, यंत्रात दोष नाही. साचा मऊ सिलिकॉनचा मागा. खरगोनच्या जिल्हा रुग्णालयात साचा घेतात का ते आधी फोनवर विचारा, म्हणजे दर वेळी इंदूर नको.

ओढतो त्यावर उपाय: यंत्राला दोरा बांधून मागे झबल्याला चिमटा लावा, किंवा पातळ सुती टोपी बांधा. लावल्या लावल्या त्याच्याशी बोला, गाणं म्हणा, त्याच्या आवडीचं खेळणं वाजवा, नुसतं लावून पाळण्यात ठेवू नका. काढलं तर रागावू नका, थोड्या वेळाने पुन्हा लावा. जागेपणी जितका वेळ राहील तितकं चांगलं. तासभर पुरत नाही.

आणि हे आजच करा: बॅटरीच्या कप्प्याला कुलूप आहे का बघा. लहान मुलांच्या यंत्राला तसा कप्पा मिळतो, नसेल तर बदलून घ्या. जुन्या बॅटऱ्या लगेच टाकून द्या, खिडकीत ठेवू नका. कधी गिळल्याची शंका जरी आली तरी घरी उलटी काढायला जाऊ नका, तडक जिल्हा रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या आणि बॅटरीचं पाकीट सोबत घ्या.

निमाडकर

कप्प्याला कुलूप नाहीये. उद्याच दुकानात फोन करतो.